पाइनच्या खोक्यात कोंडलेली ऊब

ओव्हिला गान्येला काही सांगायची सोय नव्हती. बुटांच्या कारखान्यात त्याने जन्मभर चामडं कापलं, त्यात हात कधी चुकला नाही, आणि तेव्हापासून आपण कशातच चुकत नाही असा जो त्याचा समज झाला तो झालाच. निवृत्त झाल्यावर हा माणूस दिवसभर घरात. बायको ब्लांश शेजारणींना सांगायची, "कारखान्याने त्याला घड्याळ दिलं आणि मला तो दिला." क्वेबेकच्या दक्षिणेला असलेल्या लुइस्टन गावातल्या त्या घरात ओव्हिलाने दुरुस्त केली नाही अशी वस्तू उरली नव्हती, आणि दुरुस्तीनंतर धड चालणारी शोधावी लागली असती.

सगळ्यात जास्त डोकं उठवलं ते वरच्या उत्तरेकडच्या खोलीने. तळघरातल्या बॉयलरमधून निघालेलं गरम पाणी भिंतींच्या पायथ्याशी बसवलेल्या नळीतून सगळं घर फिरायचं आणि अगदी शेवटी या खोलीत पोचायचं. त्यामुळे ती खोली आधीपासूनच जरा थंड. पण गेल्या हिवाळ्यापासून तिचं शीतगृह झालं होतं. ब्लांशने नाताळच्या, डुकराचा खिमा भरून भाजलेल्या पाई तिथे ठेवल्या असत्या तर महिनाभर टिकल्या असत्या.

गेल्या नाताळात त्यांची लेक जानिन तान्ह्या एमीलला घेऊन आली होती. एक रात्र राहिली. सकाळी पोराचं नाक बर्फासारखं गार. जावई केव्हिनने सामान गाडीत टाकलं आणि बायकोपोराला घेऊन पोर्टलंडला आपल्या आईकडे गेला. नातवाचा पहिला नाताळ त्या आयरिश बाईच्या घरी झाला आणि ब्लांश आणि ओव्हिला दोघंच बसून पाई संपवत राहिले. ते तिच्या मनातून जात नव्हतं.

यंदा जानिनने आधीच सांगून टाकलं होतं, "ममा, खोली गरम असेल तर तुमच्याकडे. नाहीतर केव्हिनच्या आईकडे."

म्हणून ऑक्टोबरपासून ओव्हिला त्या खोलीच्या मागे लागला. नळीतली हवा काढली. ती काढताना जमिनीवर काळं पाणी सांडलं, ते ब्लांशने पुसलं. खिडकीच्या फटी बुजवल्या. आता खिडकी उघडतच नव्हती. बॉयलरला शिव्या दिल्या, क्वेबेककडून येणाऱ्या वाऱ्याला दिल्या. खोली होती तशीच.

दोष कुठे आहे ते ब्लांशला कळलं होतं. एमील व्हायच्या आधी ओव्हिलाने नळीवरची चेपलेली पत्र्याची झाकणं उपटून टाकली होती आणि त्या जागी पाइनच्या फळ्यांचं खोकं बांधलं होतं, भिंतभर, जमिनीला अगदी घट्ट बसवून. वरून नुसती बोटभर फट. नळीवरच्या, ऊब पसरवणाऱ्या पातळ पात्या गरम आणि धारदार. रांगत्या पोराचा हात त्यांना लागू नये, एवढीच त्याची काळजी. लाकूड इतकं घासलं होतं की गालावरून फिरवावं. फरशी पुसताना ब्लांशने वरच्या फटीत बोटं घातली, तर आत चटका बसला. बाहेर गारठा.

"ऊब आत आहे, ओव्हिला. तुझ्या खोक्यात," ती म्हणाली.

"मग? लाकूड तापेल की हळूहळू."

"वर्ष झालं तापतंय!"

"खालून हवा शिरायला नको म्हणून तर घट्ट बसवलंय."

"अरे, खालून गार हवा शिरली तरच ती तापून वर येईल ना!"

"तू काय बॉयलरच्या कारखान्यात होतीस?"

"आणि तू कुठे होतास?"

यावर तो म्हणाला, "स्वेटर घाल." वाद अंगाशी आला की तो स्वेटर घालायला सांगायचा. ब्लांशच्या अंगावर आधीच दोन होते.

शेवटी त्याने ठरवलं की पाणी फिरवणारा पंप कमजोर आहे, आणि नवा आणायला बाहेर पडला. त्याची गाडी वळते न वळते तोच फोन वाजला. जानिन होती. "ममा, केव्हिनच्या आईने पाळणासुद्धा मांडलाय. एकदाच खरं सांग. खोली गरम आहे का?"

ब्लांशला खोटं बोलवेना. "जरा थांब. मी फोन करते," एवढंच ती म्हणाली, आणि तळघरातून पहार घेऊन वर गेली.

खोकं निघेना. ओव्हिला बांधेल ते जन्मभरासाठी. खिळे मारून पुन्हा गोंद लावलेला. ब्लांशने शिव्या देत एकेक फळी उचकटली. त्या गुळगुळीत लाकडाच्या चिरफळ्या उडाल्या, तरी तिचे हात थांबले नाहीत. आत पात्यांवर धुळीचा थर होता, तो तिने ओढून काढला. मग भिंतीला टेकून बसली. थोड्या वेळाने पडद्याची कड हलायला लागली. ऊब वर चढत होती.

दारात ओव्हिला उभा होता, नव्या पंपाचं खोकं छातीशी धरून.

"हे काय केलंस?"

"तू करायला हवं होतंस ते."

"पोरासाठी केलं होतं मी ते."

"माहीत आहे रे मला!" ब्लांश ओरडली. तिला रडू फुटलं होतं आणि त्या रडण्याचाही राग येत होता. "म्हणूनच तर वर्षभर हात लावला नाही. पोरासाठी केलंस आणि पोरच निघून गेलं!"

ओव्हिला गुडघे टेकून खाली बसला. पात्यांवर तळहात धरला.

"म्हणजे पंप चांगला होता," तो म्हणाला.

ब्लांशला पहार फेकून मारावीशी वाटली. पण तो उठून जिना उतरायला लागला होता. खाली फोनची तबकडी फिरल्याचा आवाज आला. जो माणूस फोन वाजला की तळघरात पळायचा, तो आज स्वतः फोन करत होता.

"जानिन? पपा बोलतोय. खोली तापली... नाही, पंप नाही. मी बांधलं होतं ते चुकलं होतं."

ब्लांश जिन्यातच थांबली. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"हो, आता उघडंच आहे," तो सांगत होता. "पात्यांना धार आहे, ते खरं. पण एमील खोलीत असेल तेवढा वेळ मी तिथे बसेन. पोराच्या आणि नळीच्या मध्ये. मला कुठे जायचंय?"

मग तो स्वयंपाकघरातली आपली खुर्ची धापा टाकत वर घेऊन गेला आणि खोलीत नेऊन ठेवली, नळीला अगदी चिकटवून, खुर्चीच्या पाठीवर जाड घोंगडी टाकून.

ब्लांशने डोळे पुसले, घोंगडी काढून घेतली, आणि ऊब वर यायला वाट राहावी म्हणून खुर्ची हातभर पुढे ओढली.