आधी हाक, मग घास

बेला लियू नावानं अर्धी चिनी होती, पण हाडामांसानं अख्खी वाकोल्याची. गावठाणातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरात वाढलेली, जिथं एकाला हाक मारली की चार दारांतून ‘ओ’ येते. एकदा ती सांताक्रूझला चपलेचं माप द्यायला गेली आणि चपलेऐवजी दुकानदारच पसंत करून आली. दुकानदार म्हणजे कलकत्त्याहून आलेला चिनी, हेन्री लियू. माणूस इतका शांत, की बेलाच्या माहेरी सगळ्यांना वाटायचं, ह्याची दाढ दुखतेय.

संसार झकास चालला होता. त्र्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात हेन्रीची आई कलकत्त्याहून आली. त्यांच्यात आजीला अपो म्हणतात, म्हणून बेलाही तिला अपोच म्हणायची. काडीसारखी म्हातारी, घट्ट अंबाडा, आणि बसणं असं ताठ की खुर्चीच्या पाठीला काही कामच उरायचं नाही. पहिल्याच जेवणाला बेलाच्या सहा वर्षांच्या लेकीनं, लिनीनं, एक हात पुढे केला आणि बापाला म्हणाली, “ए पप्पा, मीठ दे ना यार!”

अपोनं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

त्यांच्या घरचा शिरस्ता असा, की जेवायला बसलेल्या मोठ्यांना लहानानं एकेक करून नात्यानं हाक मारायची, तीही सगळ्यांत वयस्क माणसापासून. अपो, जेवा. पप्पा, जेवा. मम्मी, जेवा. सगळे होईपर्यंत आपण घास उचलायचा नाही. शब्द कुठल्याही भाषेतले चालतील, पण क्रम चुकता कामा नये. लिनीला ह्यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं, कारण हेन्री सांगायला विसरला होता आणि बेलाला विचारायचं सुचलं नव्हतं.

“ये बच्ची को हम कलकत्ता ले जायेगा,” अपो म्हणाली. “इधर जंगली हो गया.”

बेला मध्ये पडली. “अपो, एक चान्स द्या हो!”

“संडे को तुम्हारा भाई के घर खाना है ना? उधर देखेगा. गलती किया, तो हमारा साथ जायेगा.”

बेलानं हेन्रीकडे पाहिलं. आईला ‘नाही’ म्हणायचं नाही हाही त्याच शिरस्त्यातला नियम, त्यामुळे हेन्री आपल्या भाताच्या वाडग्यात बघत बसला.

त्या आठवड्यात बेला रडली, वांद्र्याच्या मोतमाउलीला नवस बोलली आणि तालमी सुरू केल्या. दुकानातले जोडे आणून जमिनीवर मांडले. गमबूट म्हणजे अपो, बापाचे काळे बूट म्हणजे पप्पा, सँडल म्हणजे मम्मी. लिनीला हा खेळ भलताच आवडला. “गमबूट, जेवा!” म्हणून ती लोळून हसायची. बेलाला हसू यायचं, आणि हसता हसता पोरीचं रिकामं अंथरूण डोळ्यांपुढे यायचं की पुन्हा रडू.

रविवारी बेलाच्या भावाकडे, इसिडोरकडे, बाळाच्या बाप्तिस्म्याचं जेवण होतं. बेला धरून चालली होती, घरचीच चार डोकी असतील. इसिडोरनं सगळं गावठाण बोलावलं होतं! मांडवात मैद्याचे गोल फुगे तळले जात होते, डुकराच्या मटणाच्या सोरपोतेलचा वास सुटला होता, आणि बाकांवर म्हाताऱ्याच म्हाताऱ्या.

लिनी मधोमध उभी राहिली. सगळ्यांत मोठ्या माणसापासून सुरुवात करायची तर सगळ्यांत मोठं कोण? पोरीनं सरळ विचारलं, “तुमच्यात म्हातारं कोण?”

म्हाताऱ्या एकमेकींकडे बोटं दाखवायला लागल्या.

“मी कुठली गो म्हातारी!” बेलाची बेटीमावशी म्हणाली. तिच्या तोंडात एकही दात नव्हता. “ही सरूबाई म्हातारी. माझ्या लग्नाला हिनंच मासळी दिलेली.”

सरूबाई जुहूच्या कोळीवाड्यातून मासळी घेऊन यायची. ती उसळली, “दिली ती माझ्या आईनं! मी तेव्हा परकरात होते.”

“परकरात? पोरगं होतं तुझ्या कडेवर!”

“तो माझा भाऊ! फादर बसलेत समोर, खोटं बोलू नको!”

शेजारची मथुरा, आपल्याला कोणी विचारायला नको म्हणून, खांबाआड सरकली.

“अगं, कोणीतरी म्हातारं व्हा गं!” इसिडोर ओरडला. “जेवण थंड होतंय!”

कोणी होईना. लिनीची नजर फुग्यांच्या परातीवर खिळली. हात पुढे गेला. बेला जागेवरून अर्धी उठली. पण लिनीनं हात मागे घेतला आणि विचारलं, “बरं, मग लहान कोण?”

“मी!” साऱ्या बाकांवरून हात वर झाले. बेटीमावशीनं तर दोन्ही केले.

तेवढ्यात अपो उभी राहिली. “हम बड़ा,” ती ताठ मानेनं म्हणाली. “बहत्तर. पेट का साल मिला के तिहत्तर.”

म्हाताऱ्यांनी टाळ्याच पिटल्या. “धन्य गो बाय तू!” सरूबाई म्हणाली.

“अपो, जेवा,” लिनी म्हणाली. मग बाकांकडे वळली. “तुम्ही सगळ्या लहान ना? मग तुम्हीपण म्हणा!”

“अपो, जेवा!” असा कल्ला उठला, की मांडवाचं कापड थरथरलं. पुरुषमंडळींनी आपापली वयं बिनदिक्कत सांगितली, लिनीनं त्यांना क्रमानं भराभर हाका मारल्या, शेवटी “मम्मी, जेवा” म्हटलं आणि फुग्यावर झडप घातली.

बेला निकालासाठी अपोकडे बघत होती. अपोनं घास घेतला नव्हता. डोळे मात्र लुकलुकत होते.

“काय झालं हो त्यांना?” बेलानं विचारलं.

हेन्री तिच्या कानाशी वाकला. “कलकत्त्याला माझी काकी आहे, आईची थोरली जाऊ. लग्न होऊन आल्यापासून पहिली हाक तिला, मग आईला. आज चारचौघांत आईला पहिल्यांदा पहिली हाक मिळाली.”

बेला धीर करून पुढे झाली. “अपो, मग लिनीचं काय करायचं?”

अपोनं फुगा उचलला, सावकाश चावला, गिळला. “कलकत्ता में क्या है? उधर दीदी पहले खाता है.” तिनं दुसरा फुगा घेतला. “लड़की इधर रहेगा. हम भी इधर रहेगा.”

बेलानं लिनीला उचलून गरगर फिरवलं, आणि फिरता फिरताच ‘हम भी’चा अर्थ डोक्यात शिरला. हेन्री पुन्हा ताटात बघायला लागला होता.

“रहा गो बाय, खुशाल रहा!” बाकावरून सरूबाई ओरडली. “आमच्यात मोठं माणूस कोणी नव्हतंच!”