केशोरीच्या मिलमधला बाण

मित्रहो, आजचीच गोष्ट सांगून राहिलो.

गोंदियात बसून मी राइस मिलचे कॉम्प्युटर रिमोटने सांभाळतो. केशोरीच्या मिलमध्ये पावत्या बनवणारे सुखदेवजी नुकतेच वारले. म्हणून मी रिमोट सॉफ्टवेअरच्या एपीआयवर (त्यातून प्रोग्रामला माउस चालवता येतो) छोटा प्रोग्राम लिहिला. तिथल्या मंदाताई धानाचं वजन टाकतात, प्रोग्राम बटणं दाबून पावती काढतो.

आज दुपारी ताईंचा फोन आला. "भाऊ, माउसचा बाण एकाच जागी गोल गोल काऊन फिरून राहिला?"

मी स्क्रीन उघडली. बाण एका वजनाभोवती फिरत होता. ताईंनी एक शून्य जास्त टाकलं होतं. ते खोडताच बाण थांबला.

चूक दिसली की सुखदेवजी असाच बाण फिरवायचे. माझ्या प्रोग्रामला तर चूक कळतच नाही.

घाबरून मी तो बंद करायला गेलो. बाण 'बंद' बटणाभोवती गोल फिरू लागला.

तुम्ही दाबलं असतं का?