मी तिला सवत म्हणायचे

वाशीच्या आमच्या सोसायटीत, तळमजल्यावरच्या आमच्या खिडकीखाली, वांग्याच्या सालीसारख्या गडद फुलांचं एक झुडूप आहे. कुणी लावलं नाही, आपलं आपणच उगवलं. पुस्तकात तिला गुलबाक्षी म्हणतात. माझ्या माहेरी, साताऱ्याकडे, गुलबास. समोरच्या वहिनी कोकणातल्या, त्या सांजफूल म्हणतात, कारण उन्हं उतरल्यावर ती उमलते आणि मग तिचा वास सुटतो. मी तिला सवत म्हणायचे.

उगाच नाही. हे बेलापूरच्या ऑफिसातून आले की बूटसुद्धा न काढता आधी तिच्यापाशी. वाकून वास घेणार, किती फुलं उमलली ते मोजणार. तोवर मी चहाचा कप धरून दारात. पंचवीस वर्षांत माझ्या गजऱ्याचा वास घ्यायला हा माणूस एकदा वाकला नाही. जळायचे मी, सरळ सांगते.

मागच्या वर्षी ह्यांची नाशिकला बदली झाली. रोज संध्याकाळी सहाला फोन यायला लागला. मनात म्हटलं, चला, लांब गेल्यावर तरी बायकोची आठवण येते. पण पहिला प्रश्न ठरलेला, आज किती उमलली? आठवडाभर मी मुकाट्याने सांगितलं. मग एक दिवस डोकं फिरलं. म्हटलं, वाळली ती, उपटून टाकली मुळासकट. ह्यांनी गॅस आला का ते विचारलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून सहाचा फोन बंद. जेवणं झाल्यावर यायचा, तोही कामापुरता. सहाला खिडकीतून वास आत यायचा आणि मी मोबाइल मांडीवर घेऊन बसलेली. मला त्या झुडपाचा राग यायचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. चौथ्या दिवशी हरले, आपणहून फोन लावला.

"मी खोटं बोलले," मी म्हणाले. "आहे ती. आज सतरा उमललीत."

"अठरा," हे म्हणाले. "एक भिंतीच्या बाजूला आहे. समोरच्या वहिनींना विचारतो ना मी रोज सहाला."

मी खिडकीतून वाकून पाहिलं. भिंतीच्या बाजूला होतं खरंच एक.

त्या संध्याकाळपासून झुडपाला मी माहेरचं नाव दिलं, गुलबास. रोज पाणीही घालते. सवत समोर राहते.