सहीबाई आणि होयबा

तिला सगळे सहीबाई म्हणत. तिला नाव होतं, पद होतं, कार्यालयाच्या दारावर पाटीसुद्धा होती. पण तिच्या देखरेखीखालच्या चार घरांमधल्या माणसांना त्यातलं काही लक्षात ठेवायची गरज कधी पडली नव्हती. दर तीन महिन्यांनी एक उंच, जराशी पोक आलेली बाई यायची, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायची, कागद वाचायची आणि सही करून निघून जायची. म्हणून ती सहीबाई.

ही चार घरं कोर्टाच्या हुकमानं चालत. तिथं राहणारी माणसं अंगानं मोठी झाली होती, समज मात्र त्यांच्याकडे आपल्या चालीनं, रेंगाळत रेंगाळत आली होती. आणि प्रत्येकावर कसला ना कसला आरोप होता. कुणी एखाद्याला जिन्यावरून ढकललं होतं, कुणी परक्याच्या घरात शिरून त्याच्याच पलंगावर गाढ झोपलं होतं. खटला चालवावा तर आरोपीला खटला म्हणजे काय ते कळत नाही, आणि सोडून द्यावं तर उद्याची हमी कोण देणार? तेव्हा ना शिक्षा, ना सुटका. तुरुंग म्हणावं तर अंगणात फुलझाडं, आणि घर म्हणावं तर दाराला बाहेरून कुलूप. अशा जागी माणसं वर्षानुवर्षं राहत आणि तिथं सगळं ठीक चाललंय ना, हे बघायचं काम सहीबाईचं.

ती हे काम अकरा वर्षं करत होती आणि मनापासून करत होती. एकदा बाथरूममधलं पाणी गार येतंय म्हणून तिनं एका व्यवस्थापकाला असं फैलावर घेतलं होतं की तो पुढे आठवडाभर स्वतःच नळाखाली हात धरून उभा राहायचा. निवृत्त भूगोल मास्तर असलेला तिचा नवरा संध्याकाळी नकाशातून डोकं वर न काढता विचारायचा, "आज किती जणांना कोंडून आलीस?" ती म्हणायची, "एकालाही नाही. कोंडलेले होते त्यांना भेटून आले." मग दोघं हसत आणि चहा घेत.

तिसरं घर तळ्यापलीकडे होतं. तिथं जाणारा रस्ता सकाळभर धुक्यात असायचा. तळं कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळायचं नाही, आणि एखादं झाड मधूनच काचेसमोर उभं राहून नाहीसं व्हायचं. ती गाडी अगदी सावकाश चालवायची. त्या वाटेवर आपलं वय, आपलं पद, आपल्या पिशवीतले कागद, सगळं कुणा दुसऱ्याचं आहे असं तिला वाटत राहायचं.

त्या घरात होयबा राहत होता. शेहेचाळीस वर्षांचा, गोल चेहऱ्याचा, केस कानावर पांढरे झालेला माणूस. हे नाव त्याला तिथल्याच कुणीतरी ठेवलं होतं, कारण विचाराल त्याला तो हो म्हणायचा. त्यानं एकोणीस वर्षांपूर्वी लाकडाच्या एका वखारीला आग लावली, असं कागद सांगत होते. कुणी भाजलं नव्हतं, पण वखार भुईसपाट झाली होती. तेव्हापासून तो तिसऱ्या घरात होता आणि तिथल्या धुलाईच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होता.

त्या खेपेला तिसऱ्या घरातल्या कचेरीला रंग देणं चाललं होतं, म्हणून सहीबाईचं टेबल धुलाईच्या खोलीत मांडलं होतं. खोली वाफेनं भरलेली. यंत्रं घुमत होती, उंच खिडक्यांतून येणारा उजेड वाफेत विरघळून सगळीकडे सारखाच पसरला होता आणि दोऱ्यांवरच्या ओल्या चादरी कुणी न हलवता हलत होत्या. सहीबाईला वाटलं, आपण अजून धुक्यातच आहोत, फक्त इथलं धुकं गरम आहे.

धुलाई बघणाऱ्या मावशीचा हात प्लास्टरमध्ये होता. मोठ्या चादरीची घडी एकट्याला घालता येत नाही. होयबा चादरीची दोन टोकं धरून समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत उभा होता. सहीबाईनं पेन ठेवलं आणि उरलेली दोन टोकं धरली.

चादरीची घडी म्हणजे एक चालच असते. ताणायची, झटकायची, एकमेकांकडे चालत यायचं, टोकाला टोक द्यायचं, पुन्हा मागे सरायचं. होयबा जवळ आला की सहीबाई तिच्या कागदावरचा एकेक प्रश्न विचारून घेत होती.

"झोप नीट लागते ना?"

"हो."

"कुणी त्रास देत नाही ना?"

"हो."

"इथं ठीक आहात ना?"

"हो."

"अरे, साबण संपला का?" मावशीनं मागून विचारलं.

"हो."

"म्हणजे, आहे अजून?"

"हो."

मावशी खो खो हसली. "याला विचारण्यात काही अर्थ नाही, बाई. विचारलं तर आभाळात सूर्यसुद्धा ह्यानंच टांगलाय म्हणेल. काय रे, टांगलास ना?"

"हो," होयबा म्हणाला आणि स्वतःही हसला, कारण मावशी हसत होती.

सहीबाईसुद्धा हसली. सही केली, निघाली. तळ्याच्या काठानं अर्ध्या वाटेवर आली आणि तिच्या मनात आलं, सूर्यालाही हो, मग त्या आगीला म्हटलेला हो कसला? तिनं गाडी बाजूला घेतली. समोर पांढऱ्यावाचून काही नव्हतं. मग घरी न जाता कार्यालयात गेली आणि तळाच्या कपाटातून होयबाची सगळ्यात जुनी फाइल काढली.

जबाब दीड पानाचा होता. तू वखारीत गेला होतास का? हो. काडेपेटी होती का? हो. आग तू लावलीस का? हो. तुला राग आला होता का? हो. असे सात प्रश्न आणि सात हो. त्याखाली पुढच्या प्रत्येक वर्षी तपासणाऱ्यांनी लिहिलं होतं : कबुली कायम आहे. आणि गेल्या अकरा वर्षांच्या प्रत्येक तिमाहीच्या कागदाखाली तिची स्वतःची वळणदार सही. तिनं मोजल्या. चव्वेचाळीस.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं नेहमीचा प्रश्न विचारला. तिनं नुसती पिशवी टेबलावर ठेवली. त्यानं नकाशा मिटला, तिच्याकडे पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं.

पुढच्या आठवड्यापासून ती दर गुरुवारी तिसऱ्या घरी जाऊ लागली, बिनकामाची, चादरी धरायला. मावशीचं प्लास्टर निघालं तरी जात राहिली. मनाच्या तपासण्या करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना तिनं गाठलं. त्या म्हणाल्या, "अशी माणसं असतात. हो म्हटलं की समोरचा खूश होतो, हे लहानपणीच शिकलेली. पण त्यांना 'नाही' म्हणता येत नाही हे कागदावर सिद्ध करायचं, तर आधी कधीतरी ती 'नाही' म्हणताना दिसायला हवीत. म्हणजे खरं ठाऊक असलेलं आणि नुसतं खूश करायला म्हटलेलं, यातला फरक दाखवता येईल."

मावशीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "त्याला नाही म्हणायला शिकवाल, तर माझ्या चादरींच्या घड्या कोण घालेल?" पण त्या दिवसापासून तीही कान देऊन ऐकू लागली.

सहीबाईनं नाना उपाय केले. चित्रं दाखवली, दोन हातांत दोन वस्तू धरल्या, मांजराला कुत्रा म्हणून पाहिलं. हो, हो आणि हो. महिने असेच वाफेत विरून गेले. आणि मग एका दुपारी, यंत्रांच्या घुमण्यानं तिचे डोळे जड झाले असताना, तिनं चादरीचं चुकीचं टोक चुकीच्या टोकाला लावलं. घडी वाकडी पडली. ती तशीच हातावर टाकत म्हणाली, "झालं ना?"

होयबा घडीकडे पाहत राहिला. त्याचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"नाही," तो म्हणाला.

मावशीच्या हातातली बादली हातातच राहिली. होयबानं सहीबाईच्या हातून चादर काढून घेतली, उलगडली, झटकली आणि टोकं तिच्या बोटांत नीट बसवून दिली. "असं," तो म्हणाला.

चादरींच्या बाबतीत तो होयबा नव्हता. तिथं काय बरोबर ते त्याला स्वतःला ठाऊक होतं आणि दुसऱ्याच्या खुशीवर ते अवलंबून नव्हतं. डॉक्टरीणबाई तीनदा येऊन बसल्या, वाकड्या आणि सरळ घड्या दाखवून, मधूनच दुसरे प्रश्न विचारून त्यांनी सगळं टिपून घेतलं. अहवाल झाला, अर्ज गेला, तारीख पडली.

सुनावणीच्या दिवशी होयबाची बहीण आली. ती त्याच्याहून मोठी, शिवणकाम करणारी, बोटांना टाचण्यांच्या खुणा असलेली. एकोणीस वर्षांत ती एकदाही आली नव्हती. दाराशी उभी राहून तिनं भावाकडे पाहिलं आणि आत येऊन सगळ्यात मागच्या बाकावर बसली.

न्यायाधीश म्हातारे होते आणि त्यांना सर्दी झाली होती. त्यांनी अहवाल वाचला, नाक पुसलं आणि होयबाला जवळ बोलावलं.

"वखारीला आग तुम्ही लावलीत का?"

"हो."

सरकारी वकील मान डोलावून खाली बसले. न्यायाधीशांनी अहवाल मिटला. मग त्याच आवाजात म्हणाले, "मी लावली का?"

"हो."

"हे वकीलसाहेब बसलेत, त्यांनी लावली?"

"हो," होयबा आनंदानं म्हणाला. कुणीतरी हसलं. मग कुणीच हसेना.

न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि सहीबाईला उभं केलं. "चार घरं तुमच्या देखरेखीखाली आहेत. या माणसाच्या कागदांवर चव्वेचाळीस वेळा तुमची सही आहे. तुम्हाला हे आधी दिसलं नाही?"

तिनं उत्तर तयार करून आणलं होतं. कामाला माणसं कमी, घरं लांब, फॉर्म वरून ठरून आलेला. पण कोर्टाची ती खोली तिला दूर जाताना दिसली, जणू तळ्याच्या पलीकडच्या काठावर कुणीतरी बसून तिला विचारत होतं.

"नाही, साहेब," ती म्हणाली. "नाही दिसलं. मी विचारायचे, ठीक आहात ना? ते म्हणायचे हो. मला तेच ऐकायचं असायचं."

न्यायाधीशांनी ते स्वतःच्या हातानं लिहून घेतलं.

आग कुणी लावली हे त्या दिवशी ठरलं नाही आणि पुढेही ठरलं नाही. वखारीचा मालक वारला होता, साक्षीदार पांगले होते. सुनावणीआधी एकदा घडी घालता घालता होयबा आपणहून म्हणाला होता, "लाल होतं. मोठं होतं." म्हणजे त्यानं आग पाहिली होती, एवढंच. लावली की नुसती पाहिली, हे विचारायची सोय नव्हती. सहीबाई त्या विचारासोबत राहायला शिकली. पण कोर्टानं एवढं मान्य केलं की ती कबुली म्हणजे कबुली नव्हे, आणि एकोणीस वर्षांत या माणसानं काडीसुद्धा पेटवलेली नाही. कुलूप निघालं. गावातल्या एका साध्या घरात, आणखी दोघांबरोबर, एक वर्ष देखरेखीखाली राहायचं आणि मग पुन्हा पाहायचं, असा हुकूम झाला.

कोर्टाच्या जिन्यावर बहिणीनं सहीबाईला अडवलं. "त्याला पकडलं तेव्हा मी भेटीच्या काचेपलीकडून विचारलं होतं, तूच केलंस का रे? तो हो म्हणाला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी अबोला धरला." तिचा आवाज चढला. "तुम्ही शिकलेली माणसं. तुम्हाला कळायला इतकी वर्षं लागली?"

बहिणीनं पदरानं तोंड पुसलं आणि खाली भाऊ उभा होता तिकडे गेली. त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण सुटलं होतं, ते तिनं लावलं. मग बराच वेळ तिचा हात तिथंच राहिला.

सहीबाईच्या निवृत्तीला तेव्हा नऊ महिने उरले होते. ते तिनं चारही घरांतल्या खोल्यांमध्ये बसून काढले. हो-नाहीचा फॉर्म तिनं बाजूला ठेवला. कुणाबरोबर कांदे सोलले, कुणाबरोबर खिडकीतून पाखरं पाहिली. एका म्हातारीनं सहा आठवडे काही सांगितलं नाही आणि सातव्या आठवड्यात पायातला बूट काढून दाखवला. तो दोन मापं लहान होता. आणखी तिघांचे अर्ज कोर्टात गेले. त्यातला एक फेटाळला गेला आणि ते बरोबरच होतं, असं तिला मनातून वाटलं. वरिष्ठांनी तिला बोलावून विचारलं, "तुमचे अहवाल इतके लांब का येतात?" ती म्हणाली, "माणसं लांब आहेत, साहेब."

निवृत्त झाल्यावर एका दुपारी ती गावातल्या त्या साध्या घरी गेली, हातात पिशवी नाही, कागद नाही. ऊन मऊ होतं. रस्त्यावर कुणी नव्हतं आणि कुठल्यातरी खिडकीतून शिवणयंत्राचा आवाज येत होता. घरासमोरच्या बाकावर होयबा आणि त्याची बहीण संत्रं सोलत बसले होते. बहिणीनं तिला पाहिलं, हातातली फोड सोलून घेतली आणि मग सरकून जागा केली. "बसा."

होयबानं तिच्या हातावर दोन फोडी ठेवल्या. तिघं खात राहिली. ऊन भिंतीवरून हळूहळू वर सरकत होतं. सहीबाईला कसलाही प्रश्न सुचला नाही आणि ते बरं वाटलं.

मग होयबा तिच्याकडे वळला. आजवर त्यानं कुणाला काही विचारल्याचं तिच्या आठवणीत नव्हतं.

"तुझं घर कुठंय?"

बहिणीनं सोलता सोलता हात थांबवला. सहीबाईनं तोंडातली फोड गिळली आणि सांगायला सुरुवात केली. तळ्याच्या अलीकडे उतार आहे, उतारावर तीन घरं आहेत, मधलं आमचं. दारात पायपुसणं आहे, ते नेहमी तिरकं असतं. आत भिंतभर नकाशे आहेत, आणि त्या नकाशांखाली एक म्हातारा मास्तर बसलेला असतो. तो गळ्यात मफलर घालून घरातल्या घरात सगळं जग फिरून येतो. होयबा तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होता. ती जिथं थांबली तिथं तो वाट पाहत राहिला, म्हणून ती पुढे सांगत गेली, स्वयंपाकघर, मागचं दार, दारापुढचं गवत.