सोनीबाईच्या बलिया

१९७९ साली मी मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावर शाळेत मास्तरीण होते. मराठी घेऊन बी.ए. झालेली, वय तेवीस. तांड्यावर कोणाला पत्र लिहायचं असलं की मला बोलावणं यायचं. सोनीबाई मात्र नुसती बसायला यायची. चाळिशीची बाई. तांड्यातल्या नवरीची काचळी, म्हणजे आरसे जडवलेली, पाठीवर नाड्यांनी बांधायची चोळी, तीच शिवायची. माप नजरेनं घ्यायची.

एका दुपारी तिनं माझा हात धरला आणि आपल्या डाव्या स्तनावर ठेवला. आत लिंबाएवढी गाठ होती. 

"तूच गप बसली तं मी कोनाले इचारू वं?" ती म्हणाली.

मी आणि तिचा नवरा लालसिंग तिला मुंबईला घेऊन गेलो. माझ्या मामाची तिथे खोली होती. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे. आधी औषध देऊ. गाठ आटली तर तेवढीच काढू, स्तन ठेवू. ही पद्धत नवीन आहे, पण करून बघण्यासारखी आहे.

दर तीन आठवड्यांनी लालसिंग तिला घेऊन जायचा. लाल औषध शिरेतून जायचं. केस गेले. बंजारा बाईच्या चांदीच्या घुगऱ्या केसांना बांधलेल्या असतात. तिनं त्या ओढणीच्या काठाला आतून टाचल्या. "आता डोकं इंचरायची कटकट नाई," म्हणाली.

गाठ आटत गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑपरेशन ठरलं, तेव्हा मीही गेले. डॉक्टरांनी तपासलं. बोरापेक्षा लहान, म्हणाले. स्तन राहणार होता. लालसिंगनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि नुसता हसत बसला.

मग डॉक्टरांनी तिच्या दंडाकडे बघितलं. दोन्ही दंडांवर खांद्यापर्यंत पांढऱ्या बलिया, म्हणजे लग्नात चढवलेल्या बांगड्या, होत्या. "काखेतल्या गाठीही काढाव्या लागतील. डावा हात सुजेल, उजव्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा लागेल. हे उतरवा."

सोनीबाई उठून बाहेर गेली. व्हरांड्यात जमिनीवर बसली.

"बलिया रांड झाल्यावर काढतेत," ती मला म्हणाली. "मालक समोर बसून हाय, अन् मी काढू? थान कापा म्हनावं. पाहिजे तं हात कापा. हे नाई."

मी पुष्कळ समजावलं. पुस्तकात वाचलेलं सगळं बोलले. ती माझ्याकडे दयेनं बघत राहिली.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी लालसिंग साबण आणि पाण्याची बादली घेऊन आला. तिच्यासमोर बसला.

"मी मेलो की बायका काढतीन. आज म्याच काढून राह्यलो. जित्या मानसानं काढल्या तं कोनाचं काय जाते?"

तिनं हात पुढे केला. एकेक बलिया निघायला तासभर लागला. त्यानं त्या सगळ्या पागोट्याच्या कापडात बांधल्या आणि गाठोडं उशाला घेऊन झोपू लागला.

ऑपरेशन झालं. जखम भरली. मग पाच आठवडे किरणांचे शेक. ते संपत आले, तेव्हा कुठे मला तांड्यावर लिहायचा धीर झाला. थोडक्यात लिहायची मला सवय. लिहिलं: 'ऑपरेशन झालं. बलिया काढाव्या लागल्या. बाई ठीक आहे. येतो.'

ते कार्ड मानोऱ्याच्या बाजारात कोणीतरी तांड्याच्या माणसांना वाचून दाखवलं. बलिया निघाल्या, बाई ठीक आहे. मग कोण गेलं ते कोणाला विचारायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.तून उतरून तांड्याकडे चाललो, तर लांबूनच रडणं ऐकू आलं. लालसिंगच्या दारात बायका गळ्यात गळे घालून बसल्या होत्या. "कोन गेलं?" त्यानं विचारलं.

रडणं थांबलं. त्याची आई रुपाबाई उठली. तिनं त्याचं तोंड चाचपलं, कान पिळला. तो ओरडला. मग ती माझ्याकडे वळली.

"काहून वं मास्तरीन, माह्या पोराले कार्डात मारलं?"

मी रडायला लागले. सोनीबाई इतकी हसली की तिला काख धरून खाली बसावं लागलं.

रुपाबाईनं आम्हाला घरात जाऊ दिलं नाही. आधी बलिया. लालसिंगनं गाठोडं सोडलं. मी हळूच म्हणाले, डाव्या हाताला काही घट्ट घालायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय. रुपाबाईनं क्षणभर विचार केला.

"तं समद्या उजव्या हातात घाल. हात दोन असले तरी नवरा एकच हाय तिले."

लालसिंगनं दारातच घातल्या. उजवा हात कोपरापासून खांद्यापर्यंत पांढरा झाला. उरलेल्या रुपाबाईनं कोपराखाली मनगटापर्यंत चढवल्या.

संध्याकाळी सोनीबाईनं आपली लग्नातली काचळी घातली. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "बांध." मी नाड्या बांधल्या. ती वळली, खाली बघितलं, नजरेनं माप घेतलं.

"डावीकडे एक टाका," म्हणाली. "बस."

महिन्यानं डॉक्टरांना तब्येत कळवायची होती. मी कार्ड घेऊन बसले. ती समोर बसून सुपारी कातरत होती.

"काय लिहू?"

"पयले लिव, मालक जिता हाय," ती म्हणाली. "मंग माहं."

तसंच लिहिलं.