जानं रद्द, का नुसती तारीख?

फॉर्म काचेखालून आत आला की बाई आधी त्यावर पालथा हात ठेवायच्या. संगणकाकडे वळायच्याच नाहीत. चष्म्यावरून समोरच्या माणसाकडे बघायच्या आणि विचारायच्या, "जानं रद्द झालं, का नुसती तारीख?"

अकोल्याच्या आरक्षण कार्यालयात त्या तीन नंबरच्या खिडकीवर आणि मी दोन नंबरवर. मध्ये चार हात जागा आणि एक खडखडणारा कूलर. मी जळकुकडा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमचा गोंधळ होणार नाही. सात वर्षं मी त्या बाईंवर जळलो.

तुम्हीही कधीतरी अशा खिडकीसमोर उभे राहिला असाल. माणूस रांग कशी निवडतो? छोटी बघून. आमच्याकडे सगळं उलटं. माझ्यासमोर तीन माणसं आणि त्यांच्यासमोर तेरा. मी "इकडे या" म्हणून हाक मारली की रांगेतला माणूस मागच्याला सांगायचा, "तुमी जा बाप्पा तिकडं, आमाले मॅडमकडंच जाचं हाय." अरे, मी काय तिकीट उलटं छापतो का?

उलट कामात मी त्यांच्यापेक्षा चौपट चलाख. तिकीट रद्द करायचा फॉर्म आला की वरचे दहा आकडे टाकायचे, बटण दाबायचं, पैसे आणि पावती बाहेर. पाऊण मिनिट. नाव मी वाचायचो नाही, तोंड तर बघायचोच नाही. तोंड बघून काय लोणचं घालायचंय?

त्यांच्याकडे सवलतीचं तिकीट आलं तर विचारूच नका. दवाखान्याचं पत्र, अपंगत्वाचा दाखला, कॉलेजचा कागद, सगळं उलटून पालटून वाचायच्या. "हे पाहा भाऊ, रद्द केलं त हा कागद बी गेला. मंग नवा आनाले पुन्हा मुंबईच्या दवाखान्यात जा लागन. त्यापेक्षा तारीख पुढं ढकला, कागदाची मुदत हाय अजून. दोन दिवस आधी आले, चांगलं केलं. पन हे एकदाच होते बरं." मग जागा शोधत बसायच्या, या गाडीत बघ, त्या गाडीत बघ. मागची रांग निमूट उभी. माझ्याकडे एक मिनिट जास्त लागलं तर लोक काचेवर नाणं वाजवायचे.

एकदा एक आजोबा ज्येष्ठ नागरिकांची सवलत मागत आले. ती बंद झाली आहे, एवढंच मी सांगितलं, तर त्यांनी सरकारसकट माझा उद्धार केला. तिथून ते तीन नंबरवर गेले. त्या म्हणाल्या, "आजोबा, म्हातारपन चालू हाय, सवलत बंद हाय. आता काय कराव सांगा!" आजोबा खो खो हसले आणि पूर्ण भाड्याचं तिकीट काढून गेले. बातमी तीच होती की नाही?

दुसऱ्या एका खेपेला नवरदेवाचा मामा वऱ्हाडाची सहा तिकिटं रद्द करायला आला. यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, जाणं रद्द की तारीख. मामा म्हणाला, "पोरगीच रद्द झाली मॅडम!"

"मंग घाई काहून करता? गाडी सोमवारची हाय. शुक्रवारलोक थांबा. राग उतरू द्या सगळ्याईचा."

शुक्रवारी मामा हसत हजर. दोन्हीकडची रुसवाफुगवी मिटली होती, लग्न आठ दिवस पुढे गेलं होतं. तारीख बदलून घेतली आणि पेढ्यांचा पुडा तीन नंबरच्या काचेखालून आत सरकवला. त्यातला एक पेढा त्यांनी मला दिला. गोड लागला नाही असं म्हणालो तर खोटं होईल. पण खाताना अंगाचा तिळपापड होत होता.

मग मी साहेबांकडे चुगली केली. हो, केली. एकेका फॉर्मला दहा दहा मिनिटं लावतात, लोक खोळंबतात, म्हटलं जरा बघा. साहेब अर्धा तास त्यांच्या मागे उभे राहून बघत होते. जाताना त्यांच्यासाठी चहा सांगून गेले. मला कुणी विचारलं नाही.

शेवटी ठरवलं, आपणही विचारू, त्यात काय सोनं लागलंय? पुढच्याच माणसाला म्हटलं, "जाणं रद्द झालं, की नुसती तारीख?" तो म्हणाला, "तुमाले काय करा लागते? पैशे द्या." शेजारी त्या खुदकन हसल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे आता कळतं. तेव्हा मात्र कान तापले आणि त्यानंतर मी कुणाला काही विचारलं नाही.

आता माझ्या वडिलांचं सांगतो. ते बार्शीटाकळीजवळ गावी, मोठ्या भावाकडे राहायचे. वांगी, मेथी, दसऱ्याला झेंडू, असं त्यांचं शेत. त्यांना घशाचा कॅन्सर निघाला आणि मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या. पेशंटला आणि सोबतच्या माणसाला सवलत असते. ते तिकीट दर खेपेला मी माझ्या हाताने काढायचो. रक्तातल्या पेशी कमी आल्या की डॉक्टर तारीख पुढे ढकलायचे, आणि मी तिकीट बदलायचो. सोबत भाऊ जायचा. बाबांच्या तोंडून "बरं केलं" एवढं कधी आलं नाही. त्यांचं सगळं कौतुक भावाचं, कारण तो मातीत राबतो. मी आपला खुर्चीवर बसून खाणारा. म्हणजे भावावरही मी जळायचोच. पण तिकीट माझ्या हातचं होतं. बाबा गाडीत बसतायत तोवर ते बरे होणार, असं मी धरून चाललो होतो.

एका दुपारी तीन नंबरची रांग हलेनाशी झाली. पाच मिनिटं, सात मिनिटं, दहा मिनिटं. खिडकीवर कोण आहे ते मी पाहिलं नाही, थांबलेली रांग तेवढी पाहिली. एक माणूस कुरकुरेल तर शपथ! माझा जळफळाट चालू असतानाच त्यांचा आवाज आला, "हे माह्या हातानं होनार नाई. दोन नंबरवर द्या."

सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कुणाला माझ्याकडे पाठवलं होतं. मला असा काही आनंद झाला म्हणून सांगू! मान खाली ठेवूनच मी म्हणालो, "का मॅडम, आज आमची आठवण झाली?"

फॉर्म आत आला. मी आकडे टाकले. "रद्द करायचं ना?"

"हाव," बाहेरून घोगरा, अगदी बारीक आवाज आला.

बटण दाबलं. पैसे आणि पावती काचेखालून सरकवली. समोरचा हात पुढे आला. करंगळी अर्धी नव्हती. कडबा कापताना गेलेली ती करंगळी मी लहानपणापासून पाहिलेली.

वर पाहिलं तर बाबा. गळ्याभोवती दुपट्टा गुंडाळलेला.

"झालं काय रे?" त्यांनी विचारलं.

मी खिडकी टाकून बाहेर धावलो. त्यांना बाकावर बसवलं. "बाबा, हे काहून केलं?"

"आता नाई होत रे. तिथं जाऊन सुया टोचून येनं, अन् मंग आठ दिवस पडून राहनं. घरी राहतो आता." दुपट्टा सारखा करून म्हणाले, "फोनवर सांगनं होये नाई. म्हनून आलो. पन तुह्यासमोर यायची बी हिंमत होये नाई, तं त्या बाईच्या लायनीत लागलो. तिनं इचारलं, अन् मी सगळं सांगून बसलो. मंग बाई म्हने, पहिले पोराले सांगा."

नवा कागद आणू, दुसरं तिकीट काढतो, असं मी बरंच काही बोललो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि नको म्हणून मान हलवली. मग मी त्यांना बार्शीटाकळीच्या बसमध्ये बसवून दिलं.

परत आलो तो तडक तीन नंबरवर गेलो आणि सगळ्यांदेखत ओरडलो. "मला हाक मारता येत नव्हती? माझ्या हातून करवलंत हे!"

त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाल्या, "भाऊ, मले वाटलं तुमी वर पाहाल."

मी परत दोन नंबरवर जाऊन बसलो.

बाबा पुढे तीन महिने जगले आणि घरीच गेले. आमचं दोघांचं काम शेजारी शेजारी चालू राहिलं, बोलणं कामापुरतं. वर्षभराने त्यांची अमरावतीला बदली झाली. शेवटच्या दिवशी त्या ड्रॉवर रिकामा करत होत्या. इतके दिवस पोटात ठेवलेलं मी विचारून टाकलं, "त्या दिवशी बाबा दहा मिनिटं तुमच्याशी काय बोलत होते?"

"तिकिटाचं दोनच मिनिटं बोलले," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं तुमचंच."

"माझं? काय?"

"हेच, की पाहा बाई, तो माहा लहाना. कसा भराभर काम करून राहिला, एक मानूस खोळंबत नाई त्याच्याकडं. इतक्या खेपा झाल्या, म्हने, पन पोट्ट्यानं मले कधी उभ्यानं जाऊ देल्लं नाई. खालचीच सीट काढून देल्ली दर टायमाले. काचेतून बोट दाखवून दाखवून सांगत होते मले."

त्या गेल्या. तीन नंबरची खिडकी आता बंदच असते आणि सगळी रांग माझ्यासमोर असते. तरी माझं जळणं काही थांबलेलं नाही. माझ्या बापाने जन्मात एकदा माझं कौतुक केलं आणि ते त्या बाईंनी ऐकलं. मी चार हातांवर बसून आकडे टाकत होतो.