एकाच पत्त्यावरची दोन ऑफिसं

आमचं घर कोलशेतला, खाडीकाठच्या कोळीवाड्यात. नव्वदीच्या शेवटी शेवटी मी तिथल्याच एका रंगाच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायला लागलेले. माझी खोली वरच्या मजल्यावर होती. भरतीच्या वेळी पाण्यावरचा उजेड खिडकीतून आत येऊन छतावर हलत राहायचा, आणि काम करता करता मी कितीदा तरी त्यातच हरवून जायचे.

त्या वर्षी आमचं ऑफिस कंपनीच्या डोंबिवलीतल्या ऑफिसला जोडायचं ठरलं. खास लाइन आली, दोन्ही टोकांना राउटर बसले, हिरवे दिवे लागले. पण इकडच्या मशीनला तिकडचं एकही मशीन सापडेना. शेवटी मी डोंबिवलीला फोन लावला. तिथले कॉम्प्युटर बघणाऱ्या गृहस्थांनी उचलला. आवाज शांत, मऊ.

"तुमच्या अकाउंट्सच्या सर्व्हरचा पत्ता काय?" मी विचारलं.

"एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, पाच."

"आमच्याही सर्व्हरचा तोच आहे."

ते म्हणाले, "म्हणजे मॅडम, आपण दोघांनी एकच पुस्तक वाचून काम केलंय."

मला हसू आलं. खरंच तसंच झालेलं. नेटवर्कमध्ये प्रत्येक मशीनला आकड्यांचा एक पत्ता लागतो. त्यातले काही पत्ते मुद्दाम राखून ठेवलेत, घरातल्या घरात वापरायला. ते कुणीही घ्यावेत, कुणाला विचारायला नको. बाहेरच्या इंटरनेटवर ते चालतच नाहीत, त्यामुळे हजार ऑफिसांत तेच असले तरी बिघडत नाही. घरोघरी एक ताई असतेच की. पण दोन घरं एक झाली, की "ताई" म्हटल्यावर ओ कुणी द्यायची? आमचं मशीन डोंबिवलीच्या सर्व्हरला हाक मारायचं आणि ती हाक कोलशेतच्याच सर्व्हरकडे जायची. खाडी ओलांडायचीच नाही.

कुणीतरी आपले पत्ते बदलायला हवे होते. "तुम्ही राहू द्या, मी बदलतो," ते म्हणाले. ते कसं करायचं हे ठरवायला आम्ही रोज बोलू लागलो. काम संपलं तरी फोन लगेच ठेवला जायचा नाही. ते सांगायचे, आज आमच्याकडे हवेला केमिकलच्या कारखान्यांचा आंबूस वास आहे. मग विचारायचे, "भरती आली का तुमची?" मी खिडकीबाहेर बघून सांगायचे. त्या आवाजाला मी मनातल्या मनात एक चेहरा देऊन टाकलेला. वय माझ्याएवढंच, सावळा, जरा लाजरा.

पत्ते बदलायचे ते रविवारी, ऑफिस बंद असताना. मी मदतीला येते म्हटलं. जांभळा नवा ड्रेस घातला आणि गेले.

दार उघडलं ते पांढऱ्या केसांच्या माणसाने. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. "या, कोलशेत," ते म्हणाले, त्याच आवाजात. हसावं की रडावं, मला कळेना. ते पुढच्या वर्षी रिटायर होणार होते.

आम्ही कामाला लागलो. एकेक मशीनचा पत्ता बदलायचा, ते बंद करून चालू करायचं आणि वाट बघायची. रिकाम्या ऑफिसात पंख्याखाली ते वाट बघणं मला हळूहळू आवडायला लागलं. मशीन उठलं की ते आधी एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक असा पत्ता टाइप करायचे. तोही राखीव. त्यावर प्रत्येक मशीनला आपण स्वतःच सापडतो.

"आधी स्वतःला ओळखतंय का बघू," ते म्हणायचे, "मग कोलशेत."

दुपार कलताना त्यांनी शेवटी कोलशेतच्या सर्व्हरचा पत्ता टाकला. पहिली हाक वाया गेली. मग उत्तरं यायला लागली, एकाखाली एक, संथ. "आलं हो," ते हलकेच म्हणाले. दोघंही त्या ओळी बघत राहिलो.

मग ते मला जेवायला घरी घेऊन गेले. त्यांच्या बायकोने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि त्या हसायलाच लागल्या. "अगं, हे रोज कोलशेतच्या मॅडम, कोलशेतच्या मॅडम करतात. मला वाटलं, माझ्याच वयाच्या असतील." मग पान वाढताना म्हणाल्या, "आमच्याकडे मासे नसतात हो. वालाचं बिरडं चालेल ना?"

मी दोनदा भात घेतला. जेवल्यावर "जरा पड" म्हणाल्या, आणि परक्या घरात, नव्या ड्रेसची पर्वा न करता, मी दिवाणावर गाढ झोपले. जाग आली तेव्हा खोलीत संध्याकाळचा पिवळा उजेड होता. कुठे आहे तेच आठवेना. आत स्वयंपाकघरात दोघं अगदी हळू आवाजात बोलत होती, मला जाग येऊ नये म्हणून. मी डोळे मिटून तशीच पडून राहिले.